उजवीकडे उमटलेली लाट

सर,

परवा अमरावतीला तुमच्या घरी जाऊन आले. काकूंनी दार उघडलं, मला ओळखलंही, पण "ये" म्हणायला त्यांना थोडा वेळ लागला. तुमच्या मागे मी त्या घरी दोनदाच गेले होते; एकदा तेराव्याला आणि एकदा तुमची पुस्तकं विभागाला द्यायची होती तेव्हा. त्यांना जे सांगायला गेले होते ते खरं म्हणजे तुम्हाला सांगायचं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी, तुम्ही पुण्याला जायच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी बोलायचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं आणि तुमच्या कानांवर हेडफोन होते. मी बोलले असते तर शब्द थेट तुमच्या कानात पडले असते. आता काकूंना सांगून झालंय, तर निदान तुम्हालाही नीट क्रमानं लिहावं असं वाटतं. मधूनच सुरुवात केलेली तुम्हाला चालत नसे. "पहिल्यापासून सांग," म्हणून तुम्ही पेन खाली ठेवायचे.

पहिल्यापासून म्हणजे मुलाखतीच्या दिवसापासून. अकोल्याहून सकाळच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरून, तिथून ऑटोनं मी विद्यापीठात, तुमच्या विभागात आले होते. बाबांचं जुन्या शहरात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. मी एम.एस्सी. झाले तरी रविवारी त्या दुकानात बसून टेपचे पट्टे बदलायची, तारा जोडायची. मुलाखतीसाठी मी दोन दिवस आरशासमोर शुद्ध बोलायचा सराव केला होता. तुम्ही विचारलं, घरी कोण कोण असतं, तर मी सांगितलं, "माझे वडील एक छोटा व्यवसाय करतात व माझी आई गृहिणी आहे." तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पोरी, मी बाळापूरकडचा हाये. माह्यासमोर पुस्तकातलं बोलशीन तर मले झोप येते. घरी कशी बोलते तशी बोल." मला ते तेव्हा लागलं. कोणीतरी सगळ्यांसमोर माझा धुतलेला पदर धरून "हा उसना हाये" म्हटल्यासारखं वाटलं. पण मी बोलले. "बाबा रेडिओवाले हायेत," मी म्हणाले. तुम्ही लगेच विचारलं, तुले कैया करता येतो का, म्हणजे सोल्डरिंग. येतो, मी म्हणाले. प्रकल्पातली नोकरी आणि तुमच्याकडे पीएच.डी.ची जागा मला तेवढ्यावर मिळाली असं मी आजही समजते.

तुमची ती खोली आता राहिली नाही. तिथे आता सर्व्हर ठेवलाय. पण तिचा वास मला अजून येतो. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून परदेशी फोमच्या पाट्या लावायच्या असतात, तेवढा निधी आपल्याला कोण देणार. तुम्ही गादीवाल्याला बोलावलं, गावाकडून कापूस आणला, पिंजून घेतला आणि चारही भिंतींना, छताला, दाराच्या आतल्या बाजूलासुद्धा जाड जाड गाद्या ठोकून घेतल्या. एका खाटेएवढी जागा, मध्ये एक खुर्ची, वर एक मंद दिवा. दार बाहेरून उघडायचं; आतली कडी गादीखाली गेली होती आणि ती वर काढायचं काम शेवटपर्यंत राहूनच गेलं. विद्यार्थी आत बसायचे तेव्हा पहिली दोन मिनिटं घाबरायचे. एका मुलीनं मला सांगितलं होतं, का आत आपलंच रक्त ऐकू येते. उन्हाळ्यात आत पंखा लावता येत नसे, कारण पंख्याची वीज नोंदीत शिरायची. अमरावतीचा मे महिना, कापसाच्या गाद्या आणि डोक्याला चिकटवलेल्या तारा, तरी डी.एड.च्या मुली यायच्या, डोक्यावरचं तेल धुऊन, ओल्या केसांनी, कारण तुम्ही त्यांना मान देऊन बोलवत होते आणि नंतर गिला वडा खाऊ घालत होते.

काम साधं होतं. आवाज कानात पडला की सेकंदाच्या दहाव्या भागात मेंदूवर विजेची एक बारीक लाट उमटते. एका आवाजाची लाट इतकी लहान की दिसतच नाही, म्हणून तोच आवाज शेकडो वेळा ऐकवायचा आणि सगळ्या नोंदींची सरासरी काढायची. मग पडद्यावर हळूहळू, धुक्यातून झाड दिसावं तशी ती लाट वर येते. डाव्या कानाच्या वर एक निळी तार, उजव्या कानाच्या वर एक लाल तार. दोन्हीकडच्या लाटांची उंची मोजायची. जगात सगळीकडे साधारण असं दिसलं होतं की सूर ऐकवला तर उजवीकडची लाट जराशी उंच येते आणि बोलणं ऐकवलं तर डावीकडची. तुम्हाला पाहायचं होतं, आपल्या वऱ्हाडी माणसाचं काय होतं. आपण दोन आवाज तयार केले. एक हार्मोनियमचा सूर. दुसरा तुमचा स्वतःचा आवाज; "का बरं" ला आपल्याकडे "कावून" म्हणतात, त्यातला पहिला "का", थोडा ओढलेला, शेवटी वर उचललेला, आपल्याकडे दारात उभं राहून कोणी विचारतं तसा. तो "का" मी किती हजार वेळा ऐकला असेन. आजही गर्दीत कोणी तसं बोललं की मी मागे वळून पाहते.

पहिले दोन महिने नुसत्या चाचण्या झाल्या. मग एक दिवस तारा ज्या डबीत खोचायच्या ती डबी माझ्या हातून फरशीवर पडली आणि तिची दोन भोकं आतून तुटली. दुरुस्तीसाठी ती मुंबईला पाठवायची तर तीन महिने गेले असते. मी म्हणाले, मी करते. शनिवारी ती डबी घेऊन अकोल्याला आले, बाबांच्या दुकानात बसले, दोन्ही जोड पक्के केले. बाबा शेजारीच बसले होते. मी त्यांना एकदा पाहा म्हणाले असते तर त्यांनी चष्मा लावून पाहिलं असतं. मी म्हणाले नाही, मला त्यांना दाखवायचं होतं की मला येतं. सोमवारी यंत्र चालू झालं. तुम्ही इतके खूश झाले की पुढच्या आठवड्यात नागपूरला गेले तेव्हा माझ्यासाठी चांगल्या प्रतीची सोल्डरिंगची कांडी घेऊन आले, लाकडी मुठीची. कुठल्या गाईडनं आपल्या विद्यार्थिनीला असली भेट दिली असेल? मी ती बाबांना दाखवली, आईला दाखवली, शेजारच्या काकूंना दाखवली.

आणि त्यानंतरच्या नोंदींमध्ये ते दिसायला लागलं. तुमचा "का" ऐकवला की लाट उजवीकडे उंच यायची. एका मुलीची, दुसरीची, तिसरीची. सुराला दोन्ही बाजू जवळपास सारख्याच यायच्या, त्याच्यात काही फार कळत नव्हतं; पण बोलण्याला उजवी बाजू जिंकत होती. तुम्ही प्रिंट काढून भिंतीवर लावत गेले. एका दुपारी तुम्ही चहाचा कप हातात धरून त्या भिंतीसमोर इतका वेळ उभे होते की चहा गार झाला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, की आपलं बोलणं गाण्यासारखं ऐकलं जातं. आपला जो हेल आहे, शेवट ओढायची जी सवय आहे, ती मेंदू आधी पकडतो. अर्थ मागून येतो. आणि मग तुम्ही मला ते सांगितलं, जे तुम्ही काकूंशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं. पुण्यात एम.एस्सी.ला असताना पहिल्याच सेमिनारला तुम्ही उभे राहिले आणि "मले असं वाटते" म्हणून सुरुवात केली, आणि सगळा वर्ग हसला, शिकवणारेसुद्धा. पुढची दोन वर्षं तुम्ही त्या वर्गात एक शब्द बोलले नाहीत. परीक्षेत पहिले आले, पण तोंडी परीक्षेत फक्त मान हलवून उत्तरं दिली. "आता याइले दाखवतो," तुम्ही म्हणाले, "का तुमी ज्याले हसले ते गाणं होतं." तुमचा आवाज तेव्हा जराही चढला नव्हता.

मला कळलं ते पुण्याच्या परिषदेच्या आठ दिवस आधी. तुम्ही एका लग्नाला गावाकडे गेले होते आणि मी एकटीच एका मुलीची नोंद घेत होते. मध्येच उजवीकडची रेघ पिसाळल्यासारखी उड्या मारायला लागली. मी आत गेले, उजवी तार पाहिली, ती नीट चिकटलेली होती. डावी मात्र केसांतून निसटली होती. मी डावी पुन्हा बसवली आणि बाहेर येऊन पाहते तर उजवीकडची रेघ शांत झालेली.  पुन्हा आत गेले, मुलीला म्हणाले, हलू नको, आणि डाव्या तारेवर बोटानं टिचकी मारली. दार उघडं ठेवलं होतं, बाहेरचा पडदा दिसत होता. उजवीकडची रेघ उसळली. उजव्या तारेवर मारली, डावीकडची उसळली. मुलीला मी घरी पाठवलं. डबी उघडली. माझे दोन्ही जोड सुंदर होते, गोल, चकचकीत, बाबांना अभिमान वाटावा असे. लाल तार निळ्याच्या जागी होती आणि निळी लालच्या.

म्हणजे भिंतीवर जेवढे कागद होते त्या सगळ्यांवर जे उजवं लिहिलं होतं ते डावं होतं. वऱ्हाडी माणसाचं डोकं जगासारखंच होतं. बोलणं बोलण्यासारखंच ऐकत होतं. मी त्या खुर्चीवर, आत, दार लोटून बसून राहिले. बाहेर यायला मला काही अडचण नव्हती, दार नुसतं लोटलेलं होतं. पण किती वेळ मी उठू शकले नाही ते मला सांगता येणार नाही.

मी ठरवलं होतं, तुम्ही आले की पहिलं वाक्य हेच बोलायचं. पाठही केलं होतं: सर, डबी जोडताना माझ्या हातून तारा उलट्या झाल्या. तुम्ही आले ते व्हरांड्यातूनच बोलत आले. पुण्याहून फोन आला होता. तुमचं भाषण पहिल्या सत्रात ठेवलं होतं, त्याच इमारतीत, खालच्या मोठ्या सभागृहात. ज्या खोलीत तुम्हाला हसले होते ती बरोबर त्याच्या वर. तुम्ही नवा शर्ट शिवायला टाकला होता. त्या वयात, सर, तुम्ही मला शर्टाचा रंग सांगितला. मी म्हणाले, छान दिसेल. एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्या दिवशी नाही तर उद्या, असं करत करत आठवडा संपला.

आणि आदल्या दिवशी तुम्ही म्हणाले, "आज माही नोंद घे. उद्या कोणी इचारलं का तुमच्या डोक्यात काय हाये, तं सांगता आलं पायजे." मी तुमची टाळू स्पिरिटनं पुसली, पेस्ट लावली. तुमचे केस किती विरळ झाले होते ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. तुम्हाला आत बसवून दार लावलं. डबी माझ्यासमोर टेबलावर होती. तारा खोचायच्या होत्या. मला फक्त लाल आणि निळी एकमेकांच्या जागी खोचायची होती, डबीतली चूक भरून निघाली असती आणि तुमची एक तरी नोंद खरी आली असती. तुम्ही ती पाहून विचारलं असतं, हे उलटं कसं, आणि मग मला सांगावंच लागलं असतं. किंवा नुसतं बटण दाबून बोलायचं होतं. मी बटणावर अंगठा ठेवलाही. आतल्या माइकमधून तुमचा आवाज आला, "झोपली का पोरी? चालू कर." मी तारा जशा रोज खोचायची तशाच खोचल्या आणि चालू केलं. तुमच्याच आवाजातला "का" तुमच्याच कानात जायला लागला. पडद्यावर लाट वर येत गेली, तुमचा मेंदू तुमचं बोलणं ऐकत होता, डावीकडे, सगळ्यांसारखा. आणि यंत्र त्याला उजवं म्हणत होतं, कारण मी त्याला तसं म्हणू देत होते. आधीच्या सगळ्या नोंदी चुकल्या होत्या. ही एकच मी चुकवली.

तुम्ही बाहेर आले, डोक्याला पेस्ट लागलेली, टॉवेल खांद्यावर, आणि कागद हातात घेऊन हसले. "माहं डोक्सं बी आपल्यातलंच निघालं," म्हणाले.

पुण्याहून तुम्ही परत आले तेव्हा मला आधी विभागात बोलावलं, मग घरी गेले. सभागृह भरलं होतं म्हणाले. भाषण तुम्ही मुद्दाम आपल्या बोलीत सुरू केलं आणि कोणी हसलं नाही. मग एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं होतं, की तुमच्याच यंत्रावर पुण्याकडची चार मुलं तपासली का? आणि तारांची उलटापालट झाली नाही ना, एवढं पाहिलंत का? तुम्ही मला हे हसत हसत सांगत होते. पहिल्याला तुम्ही उत्तर दिलं, दिवाळीनंतर तपासणार आहोत. दुसऱ्याला म्हणाले, "तारा माझ्या विद्यार्थिनीनं जोडल्यात. ती चुकत नाही." ते तुम्ही शुद्ध मराठीत म्हणाले होते, त्यांना नीट समजावं म्हणून, हेही मला सांगितलं.  तोपर्यंत मला वाटायचं की सांगितलं तर तुमचा निष्कर्ष जाईल. त्या दिवसापासून सांगितलं तर तुम्ही एवढ्या लोकांसमोर माझ्यासाठी दिलेला शब्द जाणार होता. एक दार होतं ते तुम्ही, मला शाबासकी देता देता, बाहेरून लावून घेतलं.

दिवाळीनंतर पुण्याची चार मुलं येणार होती. त्यांचीही लाट उजवीकडे आली असती आणि सगळं उघड झालं असतं. मी रोज ते दिवस मोजत होते. भीतीही वाटायची आणि सुटका होईल असंही वाटायचं. दिवाळीच्या तीन आठवडे आधी तुम्ही सकाळी अंघोळीला गेले आणि आतच पडले. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. विभागाच्या शोकसभेत प्रमुखांनी तुमच्या शोधाबद्दल दहा मिनिटं सांगितलं, आणि शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाले की हे काम आता ही पुढे नेईल. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

मी काय केलं ते तुम्हाला माहीत नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी डबी उघडली, तारा सरळ केल्या आणि विषय बदलण्याचा अर्ज दिला. नवजात बाळांच्या श्रवणाची चाचणी, असा साधा विषय घेतला, जिथे बोलणं नाही, गाणं नाही, नुसती टिकटिक ऐकवायची आणि बाळाला ऐकू येतं की नाही एवढंच पाहायचं. लोकांना त्याचा राग आला. गुरूनं हातात दिलेलं सोनं टाकून दिलं, असं एक सहकारी माझ्या तोंडावर म्हणाले. पुस्तकं आणायला गेले तेव्हा काकूंनी विचारलं, "त्याइचं काम तुले एवढं जड झालं का?" मी खाली पाहून पुस्तकं मोजत राहिले. खरं सांगून तुम्हाला खोटं पाडायचं, नाहीतर गप्प राहून कृतघ्न ठरायचं. मी दुसरं घेतलं, आणि कितीतरी वर्षं मला वाटत होतं की ते मी तुमच्यासाठी घेतलं.

पीएच.डी. झाली, अकोल्यात एका दवाखान्यात लागले. बाळांची आईच्या मांडीवर झोपेत चाचणी घेते. बाळ जागं झालं तर थांबायचं, पुन्हा झोपायची वाट पाहायची. काम चांगलं आहे. महिन्या-दोन महिन्यांत एखादं बाळ असं सापडतं ज्याला ऐकू येत नाही, आणि मग मला त्याच्या आईला सांगावं लागतं. ते मी सांगू शकते. एवढी कठीण गोष्ट मी परक्या बाईला दहा मिनिटांत, हात धरून, डोळ्यांत पाहून सांगते. घरी आले की वाटतं, हे जमतं तर ते का नाही जमलं. पुण्याच्या परिषदेच्या अंकात छापलेल्या तुमच्या निबंधाचा उल्लेख मधून मधून कोणाच्या तरी लेखात दिसायचा. तुमच्या पुण्यतिथीच्या व्याख्यानाचं बोलावणं दरवर्षी यायचं, आणि दरवर्षी मला नेमका ताप यायचा. लग्न झालं, मुलगी झाली, बाबा गेले, दुकान विकलं. आणि या सगळ्याच्या आत मी त्या कापसाच्या खोलीत बसलेली होते. बाहेरचे आवाज येत होते, पण दबलेले.

गेल्या महिन्यात एक मुलगी, तुमची जुनी विद्यार्थिनी म्हणून मला शोधत, दवाखान्यात आली. वलगावची, तुमच्याच विभागात पीएच.डी. करते. तुमचा निबंध तिच्या बॅगेत होता, घड्या पडून पडून फाटायला आलेला. ती तुमचा प्रयोग नव्या यंत्रावर पुन्हा करते आहे. दोन वर्षं झाली आणि तिच्या नोंदी तुमच्याशी जुळत नाहीत. बोलण्याला डावीच बाजू उंच येते. तिचे गाईड म्हणाले, तुझ्या हाताला सफाई नाही. तिनं पन्नास वेळा सगळं तपासलं होतं. बोलता बोलता ती मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, परवा मी एका नोंदीत डावं-उजवं बदलून पाह्यलं. तं सरांशी एकदम जुळलं. सगळ्याच बदलल्या तं कोणाले कळणार हाये, असं मनात येऊन राह्यलं."

बाहेर मांडीवर बाळ घेऊन एक आई बसली होती, ते झोपायची वाट पाहत. मी दार लोटलं आणि त्या मुलीला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, तुम्हाला आवडायचं तसं. डबी, बाबांचं दुकान, टिचकी, तुमची नोंद.  सांगून झाल्यावर मला वाटलं ती रडेल, किंवा मला दिलासा देईल. मी मूर्खासारखी त्या दिलाशाची वाट पाहत होते. ती म्हणाली, "मंग माह्या दोन वर्षाचं काय?" तिचा आवाज थंड होता. "मी रोज सकाळी उठून सोताले मूर्ख म्हणून राहिली होती. तुमी इथं अकोल्यात बसल्या होत्या."

 मी तिला माझ्याकडे राहिलेल्या सगळ्या जुन्या नोंदी दिल्या. आम्ही दोघींनी मिळून दुरुस्तीचं टिपण लिहिलं: डबी दुरुस्त करताना तारा उलट्या जोडल्या गेल्या, जोडणाऱ्या व्यक्तीला ते पुण्याच्या परिषदेआधी कळलं होतं आणि तिनं ते सांगितलं नाही, मार्गदर्शकांना याची कल्पना नव्हती. खाली मी सही केली. निबंध जिथे छापला होता तिथे टिपण पाठवून झालं आहे. तिच्या गाईडनी तिची माफी मागितली, असं ती फोनवर म्हणाली. माझ्याशी ती अजून मोजकंच बोलते. दवाखान्यात कळेल तेव्हा काय होईल ते होईल.

टिपण छापून येण्याआधी काकूंना माझ्या तोंडून कळावं म्हणून परवा गेले होते. त्या आता बऱ्याच थकल्या आहेत, पण बोलणं तसंच सरळ. मी सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, मग उठून पाण्याचा गडू आणला, माझ्यासमोर ठेवला आणि बसल्या. "ते पुण्याहून आले ना," त्या म्हणाल्या, "त्या रात्री जेवता जेवता मले तीनदा तेच सांगतलं, का कोणी हासलं नाई. ते गेले तवा मले तेवढंच समाधान होतं, का माणूस जिंकून गेला. आता तू सांगून मोकळी झाली. मी हे कोणाले सांगू?"

मी म्हणाले, त्यांनी काही चूक केली नव्हती, टिपणात तसं लिहिलंय. त्या म्हणाल्या, ते मले मालूम हाये.  निघताना त्यांनी मला थांबवलं नाही, पुन्हा ये म्हणाल्या नाहीत. फाटक मात्र त्यांनी स्वतः येऊन लावलं.

मला वाटत होतं, सांगितलं की हलकं वाटेल. परतीच्या एसटीत, मूर्तिजापूरच्या पुढे, मला जे वाटलं ते हलकं नव्हतं. तेच तुम्हाला सांगायचं होतं आणि त्याच्यासाठीच एवढं लिहिलं. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, आणि पत्ता असता तरी हा शेवट वाचून मी ते टाकलं नसतं. सर, मला तुमचा राग आला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. त्या बाईंनी भर सभागृहात इचारलं, तरी तुमी परत येऊन डबी उघडून पाह्यली नाई. टिचकी मारायले किती वेळ लागते? मी चोवीस वर्षांची होती, सर. मले एकट्या मले तुमी कावून एवढं खरं मानलं?